काळीज, यकृत आणि रक्ताची वाट



'विज्ञान आणि मराठी गद्य' या विषयावर बोला, असा निरोप अकादमीकडून आला, तेव्हा आपण एकोणिसाव्या शतकातील शालोपयोगी पुस्तकांवर बोलावे असे मनात होते. टिपणेही काढली होती. ती बाजूला ठेवली, कारण गेली काही वर्षे माझ्या डोक्यात विज्ञानाचा एकच परिच्छेद घोळतो आहे, आणि तो मला अजून मनासारखा लिहिता आलेला नाही. यकृताला सिरोसिस झाला की शरीरातले रक्ताभिसरण का बदलते, एवढाच त्याचा विषय. आज तो परिच्छेद आपल्यासमोर तोंडी मांडून पाहते.

मी डॉक्टर आहे, पण साहित्याची. हा खुलासा आधी करते, कारण इंदूरच्या ज्या रुग्णालयात माझा भाऊ होता तिथे कागदावर माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिले गेले आणि एक तरुण निवासी डॉक्टर पहिले दोन दिवस माझ्याशी भरधाव वैद्यकीय इंग्रजीत बोलत राहिला. मी मान हलवत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, 'मॅडम, आपका स्पेशलायझेशन?' मी म्हटले, 'मराठी गद्य.' बिचारा हसला, खुर्ची ओढून बसला, आणि तिथून पुढे मला खरे काही कळू लागले.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. मधुमेह होता, वजन होते, यकृतात चरबी साठत गेली होती. एवढ्यानेही सिरोसिस होतो, हे आमच्या गल्लीत कोणाला पटत नव्हते. 'लपून घेत असेल' असे एका नातेवाइकांनी वहिनीच्या तोंडावर म्हटले. ते सोडू. मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. दादाला नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी होती. एका वर्षी दाब आपोआप उतरू लागला. दीडशेच्या खाली न येणारा आकडा एकशे दहावर आला, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, मग बंद केली. आम्ही आनंदलो. आईने त्या रविवारी श्रीखंड केले. दादाचे तळहातही तेव्हा मेंदी उतरल्यासारखे लाल आणि ऊबदार असत. आई म्हणायची, 'बघ, कशी तब्येत सुधारलीय.' पुढे दोन वर्षांनी पोट फुगले, तपासण्या झाल्या, आणि कळले की ते श्रीखंड आम्ही आजाराच्या आगमनाचे खाल्ले होते.

दाब उतरणे हेच या आजारातल्या गोष्टीचे सूत्र आहे.

आधी शब्दाविषयी. 'सिरोसिस' हे नाव फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१९ मध्ये दिले. स्टेथोस्कोप शोधणारा तोच हा. छातीच्या आजारांवरच्या ग्रंथात त्याने यकृताचा विषय ओघात आणला आणि ते पिवळट-तांबूस दिसले म्हणून तशा रंगाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवले. म्हणजे नावात केवळ रंग आहे. काय घडते ते नावात नाही. आपल्याकडे उलटा घोटाळा. आपण 'काळीज' म्हणतो. कवितेत काळीज तुटते तेव्हा ते हृदय असते, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर दुकानदार यकृत तोलून देतो. व्युत्पत्ती शोधायला गेलात तर संस्कृत 'कालेय' भेटतो, त्याचा अर्थ यकृत. उर्दूतला 'जिगर' तोच. फारसीत तो यकृत, गझलेत मात्र छातीच्या डाव्या बाजूला. आमच्या माळव्यात तिन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात. वैद्यकाच्या तासाला हा घोटाळा चालणार नाही हे खरे. पण या एका आजारापुरता मला तो घोटाळा फार शहाणा वाटतो, कारण इथे बिघडते यकृत आणि धावते हृदय.

आता वाट पाहू. रक्ताची वाट. हृदयातून निघालेले रक्त ज्या वाहिन्यांतून जाते त्या धमन्या, परत आणणाऱ्या त्या शिरा. आतड्यांना आणि पाणथरीला जाऊन आलेले रक्त मात्र थेट हृदयाकडे परतत नाही. ते एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. लॅटिनमध्ये 'पोर्टा' म्हणजे दार. मी तिला दाराची शीर म्हणते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या दारातून येते. इतके रक्त येते, पण दाब अगदी थोडा. दाराची शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबात निरोगी माणसात एक ते पाच मिलिमीटर पाऱ्याइतकाच फरक असतो. सिरोसिसमध्ये यकृतात व्रणाच्या दोऱ्या पसरतात, मधे गाठी उठतात, रक्ताला वाट उरत नाही. फरक दहाच्या वर गेला की पोटात पाणी भरण्याचा आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगण्याचा धोका सुरू होतो. बाराच्या वर त्या शिरा फुटू शकतात.

इथवर गोष्ट सोपी आहे. दार अडले, मागे तुंबले. जलोदर का होतो, याचे उत्तरही वैद्यक बराच काळ असेच देत असे: तुंबलेल्या शिरांतून आणि यकृताच्या पृष्ठभागावरून पाणी माठासारखे पाझरते, यकृत पुरेसे अल्ब्युमिन बनवत नाही म्हणून ते पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणारे कोणी नसते, सगळे पोटात उतरते, रक्तवाहिन्या रित्या होतात, आणि म्हणून मूत्रपिंड मीठ-पाणी राखून ठेवते. पोट आधी भरते, तहान नंतर लागते. सुरेख, सरळ कथानक.

पण मोजमापे त्या कथानकाला साथ देईनात. १९५३ मध्ये कोवाल्स्की आणि एबलमन या अमेरिकन डॉक्टरांनी सिरोसिसच्या रुग्णांचे हृदय विश्रांतीत किती रक्त ढकलते ते मोजले, तर अनेकांत ते नेहमीपेक्षा जास्त निघाले. रक्तवाहिन्या रित्या असतील तर हृदयाला जास्त रक्त मिळते कुठून? एकूण रक्ताचे आकारमानही कमी नव्हते, वाढलेलेच होते. मग १९७० च्या सुमारास काहींनी गोष्ट उलटी सांगितली: बिघडलेले यकृत मूत्रपिंडाला आधीच मीठ धरायला लावते, रक्त वाढते आणि ओसंडून पोटात उतरते. हे वाढलेल्या रक्ताशी जुळले. पण ओसंडण्याइतके रक्त असेल तर रक्तदाब चढायला हवा होता. आमच्या दादाचा उतरला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनो, इथे थोडे थांबा. दोन्ही पक्षांजवळ घटना त्याच होत्या. पाणी, मीठ, मूत्रपिंड, यकृत. वाद होता तो केवळ क्रमाचा: कोणते क्रियापद आधी, कोणते मागून.

१९८८ मध्ये श्रायर, आरोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा क्रम मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात आधी धमन्या सैलावतात, त्यातही आतड्यांकडे जाणाऱ्या. सैलावलेल्या वाहिन्यांत बरेच रक्त मावते, दाब उतरतो. छातीत आणि मानेत दाब जोखणाऱ्या ज्या जागा असतात त्यांना वाटते, रक्त आटले. त्या शरीरभर हाकाटी करतात. हृदय धावू लागते. मूत्रपिंडातून रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, मेंदूतून व्हासोप्रेसिन. सगळ्यांचा हुकूम एकच: मीठ सोडू नका, पाणी सोडू नका. वाढलेले पाणी पुन्हा त्याच तुंबलेल्या दारापाशी पोचते आणि पाझरते. दादाच्या त्या डॉक्टरने मला हे एका वाक्यात सांगितले होते: 'खून कम नहीं है मॅडम, जहाँ चाहिए वहाँ कम है।' मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. त्या सबंध महिन्यात ऐकलेले सर्वांत चांगले गद्य ते होते.

आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. ती रोज एकच प्रश्न विचारी, 'पाण्यानं पोट एवढं भरलंय, मग त्याच्या तोंडाला कोरड का पडते?' मला तो म्हातारपणाचा प्रश्न वाटायचा. तो नेमका १९८८ चा प्रश्न होता. तहान पोटातले पाणी पाहून ठरत नाही. धमन्यांतला दाब पडला की अँजिओटेन्सिन वाढते, आणि तेच तहानही लावते. मी आईला आपल्या नळाचे उदाहरण दिले. इंदूरला पाणी नर्मदेचे येते, सत्तरेक किलोमीटरवरून वर चढवून. समजा, एका वस्तीतले सगळे वाल्व कोणी पूर्ण उघडून ठेवले. टाकीत पाणी तेवढेच, पण आपल्या गल्लीत धार बारीक. लोक ओरडणार, पाणी नाही, पाणी नाही. टाकीवाला आणखी पाणी चढवणार. आणि ते पुन्हा त्याच वस्तीत जाऊन रस्त्यावर वाहणार. आई म्हणाली, 'मग तो वाल्व कोणी का बंद करत नाही?'

टेर्लिप्रेसिन नावाचे औषध जवळजवळ तेच करते. आतड्यांच्या धमन्या आवळते. पण त्याहून मोठा प्रश्न आधी राहतो. दार अडलेले आहे यकृतात, शिरेच्या वाटेवर. त्याच्याही अलीकडे, आतड्यात शिरणाऱ्या धमन्यांनी सैल का पडावे? नळीचे तोंड दाबले तर मागची नळी आपण होऊन रुंद होत नाही. इथे 'संभाव्य कारणे' सुरू होतात, आणि 'संभाव्य' हा शब्द मी जाणून वापरते.

पहिला संशयित एक वायू आहे, नायट्रिक ऑक्साइड. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तो तयार होतो, काही सेकंद टिकतो आणि भिंतीतल्या स्नायूला सैल सोडायला सांगतो. शरीरातल्या त्याच्या या कामाच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी त्याच वाटेने काम करते. १९९१ मध्ये व्हॅलन्स आणि मोंकाडा यांनी सुचवले की सिरोसिसमध्ये जंतूंच्या विषांमुळे हा वायू बेसुमार बनत असावा. पुढे असेही दिसले की वाढलेल्या प्रवाहाच्या घर्षणाने अस्तरातले नेहमीचे विकरच जादा काम करू लागते. मला यातली थक्क करणारी गोष्ट निराळी वाटते. ज्या यकृतामुळे हे सगळे, त्याच्या आत हाच वायू कमी पडतो. तिथल्या बारीक वाटा आवळलेल्या राहतात, आणि बाहेर आतड्यात तोच वायू उतू जातो. एकाच घरात एका खोलीत उपास आणि दुसरीत जेवणावळ.

दुसरा संशयित आतडे स्वतः. दाबामुळे त्याची भिंत सुजते, झिरपू लागते, आणि आतले जंतू किंवा त्यांचे तुकडे रक्तात व लसीकाग्रंथींत उतरतात. निरोगी यकृत त्यांना दारातच गाळते; इथे गाळणीच बुजलेली, शिवाय रक्ताने दाराला वळसा घालून आडवाटा काढलेल्या. शरीर कायम लढाईच्या तयारीत राहते, आणि त्या लढाईतले रासायनिक निरोप धमन्यांना आणखी सैल करतात. २०१५ मध्ये बर्नार्डी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने कथानक विस्तारून या धुमसत्या दाहाला मध्यवर्ती जागा दिली. काही रुग्णांत आतड्यातले जंतू कमी करणारी प्रतिजैविके दिल्यावर धमन्यांचे सैलपण थोडे कमी झालेले आढळले, त्यामुळे हा संशय पोकळ नाही. ग्लुकॅगॉन, प्रोस्टासायक्लिन, कार्बन मोनॉक्साइड अशी आणखीही नावे घेतली जातात. त्यांच्यात मी शिरत नाही. हृदयाचे मात्र सांगायला हवे. वर्षानुवर्षे जास्त धावून ते थकते. विश्रांतीत त्याचे काम उत्तम दिसते, आणि संसर्ग किंवा रक्तस्राव यासारखा ताण आला की ते कमी पडते. काळीज आणि काळीज, दोन्ही.

आता मला माझ्या एका चुकीकडे यायचे आहे.

दादाचा गुडघा दुखत होता. मी माझ्या पर्समधली नेहमीची दुखण्यावरची गोळी त्याला दिली. तीन दिवस, दिवसाला दोन. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली, रक्तातले क्रिएटिनिन वाढले, आणि त्याला पुन्हा भरती करावे लागले. झाले होते ते असे. धमन्या सैल असलेल्या शरीरात मूत्रपिंडावर सगळीकडून 'आवळा, धरून ठेवा' असा दबाव असतो. त्या दबावाखाली स्वतःच्या वाहिन्या उघड्या ठेवायला मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. ती त्याची शेवटची ढाल. दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्या नेमके तेच बनणे थांबवतात. गुडघा थांबला, मूत्रपिंडही थांबले. 'मॅडम, किसने दिया?' असे विचारले गेले, तेव्हा मी लगेच बोलू शकले नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, 'घरातच होती गोळी.'

त्या खेपेला मूत्रपिंड सावरले. या आजारात मूत्रपिंड बंद पडते ते बहुधा स्वतः खराब होऊन नव्हे. त्याच्यापर्यंत रक्तच पोचत नाही म्हणून. याचा विलक्षण पुरावा १९६९ मध्ये मिळाला होता: अशा अवस्थेत मरण पावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे इतरांना बसवली, आणि ती कामाला लागली. निर्दोष अवयव चुकीच्या बातमीवर विश्वास ठेवून संपावर गेलेले होते. मी ही हकीकत वाचली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि मी वर्गात शिकवलेली कोणतीही शोकांतिका मला तेवढी शोकांत वाटली नाही.

माझा आजचा मुद्दा भाषेचा आहे, तो आता म्हणते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या भोपाळला हिंदीतून एमबीबीएसची पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या म्हणून चेष्टा करणारे माझे काही मित्र या सभागृहात आहेत. मी चेष्टेत सामील नाही. नावे उसनी चालतात. रेनिनला मराठी नाव देऊन आईची कोरड कमी होणार नव्हती. अडते ते क्रियापदांवर. धमनी 'सैलावते', शीर 'फुगते', यकृत 'आवळते', आतडे 'झिरपते', मूत्रपिंड 'धरून ठेवते'. या पाच क्रियापदांत अदलाबदल झाली तर आजार कळत नाही, आणि गोळी चुकते. आपण बोलताना धमनी, शीर आणि मज्जातंतू या तिन्हींना 'नस' म्हणतो आणि तिच्याविषयी 'दबली' किंवा 'फुगली' यापलीकडे बोलत नाही. जुन्या वैद्यकाने उदररोगाचे आठ प्रकार केले होते आणि त्यांत प्लीहोदर व जलोदर वेगळे ठेवले होते. तेवढे बारीक पाहणारी भाषा आपल्या घरात होती.

दादाच्या दुसऱ्या भरतीत पोटातून सहा लिटर पाणी काढले आणि लगोलग अल्ब्युमिनची बाटली लावली. आई चिडली. 'एवढं काढलं, आता परत का भरताहेत?' त्या रात्री मी एक पान मराठीत लिहिले. पाणी काढल्यावर धमन्या आणखी सैलावतात आणि मूत्रपिंड पुन्हा घाबरते, म्हणून रक्त वाहिनीतच धरून ठेवणारे द्रव्य देतात, पाच लिटरच्या वर काढले तर दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम; दिवसाचे मीठ सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत; दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शेवटचे वाक्य मी दोनदा अधोरेखित केले. त्या तरुण डॉक्टरला दाखवले. त्याची आजी ग्वाल्हेरची मराठी निघाली. त्याने 'नसा फुगतात' वर बोट ठेवून म्हटले, 'यहाँ गलत है, ये फूलती नहीं, ढीली पडती हैं।' 'सैलावतात' हा शब्द मी तेव्हा घातला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाने त्या पानाची झेरॉक्स मागितली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्याने 'यकृत' सगळीकडे खोडून 'लिव्हर' केले होते. ठीकच केले त्याने.

दादाला जाऊन आता दीड वर्ष होईल. ते पान घरच्या फ्रिजवर चिकटवलेले होते, परवा वहिनीने काढून माझ्याकडे दिले. मिठाच्या ओळीपुढे दादाने पेन्सिलीने लिहिले आहे, 'म्हणजे पोह्यांवर शेव अजिबात नाही?' आणि त्याच्याखाली आईच्या थरथरत्या अक्षरात, 'नाही.'